निळा कोट, ठासणीची बंदूक आणि ओढ्याचं पाणी

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत भरती व्हायला आलेल्या पोराचे समोरचे दात आधी बघत. बंदुकीचं काडतूस कागदाचं असे आणि ते दातांनीच फाडावं लागे, त्यामुळे समोरचे दात नसलेल्याला घरी पाठवत. बाकीची तपासणी पुष्कळदा नावापुरतीच व्हायची. त्या ढिलाईमुळे काहीशे बायका पुरुषांच्या वेषात, पुरुषांची नावं लावून दोन्ही फौजांमध्ये शिरल्या. जेनी हॉजर्स १८६२ मध्ये अल्बर्ट कॅशियर या नावाने इलिनॉयच्या ९५व्या रेजिमेंटमध्ये दाखल झाली, युद्ध संपेपर्यंत लढली आणि नंतरही जवळजवळ सगळं आयुष्य त्याच नावाने जगली.

हे मला सांगितलं ते मी ज्या कंपनीत भरती झाले तिथल्या सार्जंटने. आमची कंपनी म्हणजे हौशी लोकांचा गट: शिक्षक, सुतार, निवृत्त पोस्टमन, दोन कॉलेजची पोरं. १८६२ च्या पद्धतीचे कपडे घालायचे, तेव्हासारखी छावणी टाकायची, तेव्हाच्या नियमपुस्तकाप्रमाणे कवायत करायची आणि वर्षातून काही वेळा खोटी लढाई लढायची. याला इथे रीइनॅक्टमेंट म्हणतात. बाईने रांगेत उभं राहायला आमच्याकडे हरकत नाही, फक्त थोड्या अंतरावरून ती बाई आहे हे ओळखू येता कामा नये. मी केस कापून घेतले. उरलेलं काम टोपीने आणि ढगळ कोटाने केलं.

मी मेरीलँडमध्ये फ्रेडरिकजवळ राहते, पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माहेर खामगावचं. अँटीटमचं रणांगण माझ्या घरापासून गाडीने तासाच्या आत आहे. १७ सप्टेंबर १८६२ रोजी तिथे एका दिवसात सुमारे २३ हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्तरंजित दिवस दुसरा नाही. खऱ्या रणांगणावर खोट्या लढाया करायला इथलं राष्ट्रीय उद्यान खातं परवानगी देत नाही. तिथे छावणी मांडता येते, कवायत आणि गोळीबार दाखवता येतो, पण दोन बाजू समोरासमोर आणायच्या तर कुणाचं तरी खाजगी शेत गाठावं लागतं. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. जिथे माणसं खरोखर मेली तिथे मरायचं नाटक करू नये.

बरेच हौशी शिपाई घरी दोन्ही रंगांचे कोट ठेवतात, म्हणजे ज्या बाजूला माणसं कमी पडतील त्या बाजूने उभं राहता येतं. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी करडा कोट, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेचा, घालणार नाही. १८६० च्या जनगणनेत या देशात ४० लाखांच्या आसपास माणसं गुलाम होती. मिसिसिपी राज्याने फुटून निघताना जो जाहीरनामा काढला त्यात गुलामगिरी हेच कारण स्वच्छ लिहिलेलं आहे, बाकीची कारणं नंतर शोधली गेली. आणि मी ज्या मुलखातून आले तिथे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अर्पण केली होती ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. तो निळा कोट अंगावर चढवताना मला ती अर्पणपत्रिका आठवते. सार्जंटने माझं ऐकून घेतलं आणि नावापुढे फक्त 'निळा' एवढं लिहिलं.

पहिल्या वर्षी सामान उसनं मिळतं. चार बटणांचा गडद निळा लोकरी कोट, आकाशी रंगाची जाड लोकरी विजार, चामड्याचे जाड तळाचे बूट, डांबरट रंग दिलेली कापडी झोळी, वर लोकरी कापड शिवलेली पत्र्याची पाण्याची बाटली. ते कापड ओलं ठेवलं तर आतलं पाणी बऱ्यापैकी गार राहतं. कमरेच्या पट्ट्यात उजव्या बाजूला पुढे केपांची, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या टोप्यांची, लहान पेटी, डाव्या कुशीला संगीन आणि उजव्या नितंबावर काडतुसांची चामडी पेटी. पेटीत ४० काडतुसं मावतात. बंदूक चार किलोच्या वर. हे सगळं अंगावर घालून मेरीलँडच्या जुलैमध्ये उभं राहिलं की पहिल्या पंधरा मिनिटांत कोट आतून भिजतो. नंतर मात्र ती ओली लोकरच थोडी गार वाटायला लागते. एवढं वाहून नेणाऱ्या साध्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर मिळायचे, तेसुद्धा कधी कधी महिनोन्‌महिने थकायचे.

काडतुसं आम्ही घरीच वळतो. कागदाचा तिरका तुकडा कापायचा, लाकडी गोल दांडीवर गुंडाळायचा, टोक दुमडून बंद करायचं, आत मोजून काळी दारू भरायची आणि शेपटी पिरगाळून मिटायची. तेव्हाच्या खऱ्या काडतुसात ६० ग्रेन, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम दारू असे आणि तीस ग्रॅमच्या आसपास वजनाची मऊ शिशाची 'मिनी' नावाची गोळी. आमच्यात गोळी नसते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवरा कागद कापून देतो, मी वळते. दारू भरायचं काम त्या टेबलावर करत नाही. त्यासाठी घराबाहेर वेगळी जागा ठेवली आहे, विजेचं काहीही जवळ नसलेली.

तेव्हा हे काम बायका आणि कोवळ्या मुली करत. बारीक बोटं लागतात म्हणून त्यांना शस्त्रागारात घेत. ज्या दिवशी अँटीटमला ती लढाई पेटली होती, त्याच दिवशी, १७ सप्टेंबर १८६२ ला, पिट्सबर्गच्या ॲलेघेनी शस्त्रागारात स्फोट झाला आणि ७८ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. दोन वर्षांनी, जून १८६४ मध्ये, वॉशिंग्टनच्या शस्त्रागारात तसाच स्फोट होऊन २१ जणी गेल्या. युद्धातल्या मृतांची मोजणी करताना या पोरी कुठल्याच पलटणीत धरल्या जात नाहीत. काडतूस वळताना हात सावकाश चालतो तेव्हा मला त्या आठवतात, आणि मी मुद्दाम घाई करत नाही.

माझ्या हातातली बंदूक एनफील्डची नक्कल आहे, १८५३ चा नमुना. उत्तरेकडे स्प्रिंगफील्डच्या कारखान्याची बंदूक जास्त होती, पण पुरेशा बंदुका नव्हत्या म्हणून दोन्ही बाजूंनी इंग्लंडहून या एनफील्ड लाखोंनी आणल्या. माझी बंदूक पहिल्यांदा हातात आली तेव्हा सार्जंट म्हणाला, "इंग्लंडची आहे, चांगली आहे." मी त्याला म्हटलं, "ही आमच्याकडे तुमच्या आधी आली होती." मग शेकोटीपाशी बसून त्या सगळ्यांना १८५७ सांगावं लागलं: हीच बंदूक, हेच दातांनी तोडायचं काडतूस, त्याला गाई-डुकराची चरबी लावली असल्याची बातमी, बराकपूरला मंगल पांडे, मग मेरठ. निवृत्त पोस्टमन असलेले आमचे कॉर्पोरल काडतूस तोंडापाशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. काडतुसाची चव मला आता माहीत आहे. ओठांना काळं लागतं, जीभ खारट होते आणि तोंडाला जी कोरड पडते ती अर्ध्या तासात दोन बाटल्या पाणी पिऊनही जात नाही. पाण्याची ही गरज पुढे पुन्हा येईल.

कवायतीबद्दल मला विस्ताराने सांगायचं आहे, कारण माझी समजूत तिथेच बदलली.

ठासणीची बंदूक भरायच्या नऊ हालचाली आहेत आणि प्रत्येकीला हुकूम आहे. पहिल्या हुकमाला दस्ता पायाशी टेकवायचा, नळी अंगासमोर उभी, उजवा हात मागे काडतुसांच्या पेटीवर. मग काडतूस काढा. दातांनी फाडा. दारू आणि गोळी नळीत सोडा. गज, म्हणजे ठासायची सळई, उपसा. ठासा. गज परत जागेवर घाला. बंदूक वळवून घोडा अर्धा मागे घ्या आणि केप चढवा. शेवटी बंदूक खांद्याला. त्यानंतर 'रेडी', 'एम', 'फायर' वेगळे. आधी सगळं हुकमाबरोबर, एकेक हालचाल थांबून. मग चार टप्प्यांत. मग हुकूम फक्त 'लोड' आणि बाकी हात आपोआप. सराईत शिपाई मिनिटाला तीन गोळ्या झाडायचा. खोट्या लढाईत आम्ही गज उपसतच नाही, चुकून नळीत राहिला आणि उडाला तर समोरचा माणूस मरेल म्हणून. पण कोऱ्या कवायतीत सगळ्या नऊ हालचाली करतो, पुन्हा पुन्हा, दंड भरून येईपर्यंत.

माणसं दोन ओळींत उभी राहतात, खांद्याला खांदा नव्हे तर कोपराला कोपर लावून. शेजाऱ्याचं कोपर लागत असलं पाहिजे हाच नियम, मान वळवून बघायचं नाही. उजवीकडून डावीकडे उंचीप्रमाणे लावतात, त्यामुळे माझी जागा डाव्या टोकाकडे, मागच्या ओळीत. मागचा शिपाई पुढच्याच्या उजव्या खांद्यावरून बंदूक रोखतो. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा पुढे उभ्या असलेल्या सुताराच्या कानापासून माझ्या बंदुकीचं तोंड किती पुढे गेलंय हे सार्जंटने हाताने ओढून दाखवलं. तो कान माझ्या भरवशावर, आणि माझ्यामागे उभा असलेला फाइल क्लोजर सगळ्यांच्या पाठीवर नजर ठेवून. कुणी पडला की जागा भरा, कुणी मागे सरकला की पुढे ढकला, हे त्याचं काम.

शाळेत इतिहास वाचताना मला वाटायचं, ही माणसं इतकी खुळ्यासारखी उघड्यावर ओळीने का उभी राहिली? झाडामागे का नाही लपली? सेनापती जुन्या काळातले आणि बंदुका नव्या काळातल्या, हे उत्तर पुस्तकांत मिळतं, आणि ते काही प्रमाणात खरंही आहे. मिनी गोळीमुळे बंदुकीचा पल्ला आधीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा कितीतरी वाढला होता. पण ओळीत उभं राहिल्यावर मला दुसरं उत्तर मिळालं. दारूच्या धुरात चार-पाच बार झाल्यावर समोरचं काही दिसत नाही. आवाजात हुकूम ऐकू येत नाही. तेव्हा तुम्ही अजून फौजेत आहात याची एकच खूण उरते, ती म्हणजे शेजाऱ्याचं कोपर. ते सुटलं तर तुम्ही धुरात एकटे. माझ्या अंगावर कुणी गोळी झाडत नव्हतं, तरी पहिल्या खोट्या लढाईत कोपर सुटल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला आणि पाय आपोआप उजवीकडे सरकले. नियमपुस्तकात तेच लिहिलंय.

नऊ हालचालींचंही तसंच. विचार करायला जागाच ठेवायची नाही, भीती वाटायच्या आत हात पेटीकडे गेला पाहिजे. पण त्याची एक भयंकर बाजूही आहे. गेटिसबर्गच्या मैदानावरून लढाईनंतर गोळा केलेल्या बंदुकांमध्ये हजारो भरलेल्याच सापडल्या, आणि कित्येकांच्या नळीत एकावर एक अशी अनेक काडतुसं ठासलेली होती. हात ठासत राहिले, चाप ओढला गेला नाही किंवा केप उडाली नाही हे त्या माणसाला कळलंच नाही. कदाचित काहींना चाप ओढायचाच नसेल. मी प्रत्येक कवायतीनंतर नळीत गज सोडून तो तळाला 'ठण्ण' वाजतो का ते ऐकते तेव्हा मला ती माणसं दिसतात.

छावणीची रात्र मला आवडते. एका शिपायाकडे तंबूचं अर्धं कापड असतं, शेजाऱ्याच्या अर्ध्याला बटणांनी जोडून दोघांचा तंबू होतो. दोन्ही तोंडं उघडी. खाली रबर चढवलेलं कापड, वर एक कांबळं. माझी जोडीदार सुताराची बायको, तीही पलटणीत आहे. झोप फार लागत नाही, जमिनीतला गारवा तिसऱ्या प्रहरी वर येतो.

खाणं म्हणजे हार्डटॅक: मैदा, पाणी, क्वचित मीठ यांचा भाजून दगड केलेला चौकोन, तीन इंचांचा, अर्धा इंच जाड. शिपायाला दिवसाला असे नऊ-दहा मिळायचे. सोबत खारवलेलं डुकराचं मांस, साखर आणि कॉफी. हे हार्डटॅक महिनोन्‌महिने पेट्यांत पडून असे, त्यात अळ्या होत. म्हणून शिपाई ते कॉफीत बुडवायचे, अळ्या वर तरंगल्या की चमच्याने काढून टाकायचे आणि मग खायचे. मी डुकराचं मांस खात नाही, त्यामुळे माझं जेवण म्हणजे कॉफीत भिजवलेला हार्डटॅक आणि एखादं सफरचंद. दक्षिणेच्या फौजेकडे एवढंही नसे. बंदरांची नाकेबंदी झाल्यावर कॉफी संपली. ते चिकोरी, भाजलेलं धान्य, रताळी असलं काहीबाही उकळून प्यायचे आणि मक्याच्या पिठावर दिवस काढायचे.

कॉफी हा उत्तरेच्या शिपायाचा जीव. बिया कच्च्या मिळाल्या तर तव्यावर भाजायच्या, भाजलेल्या असल्या तर झोळीच्या फडक्यात बांधून बंदुकीच्या दस्त्याने कुटायच्या. पत्र्याच्या डब्यात पाणी, कूट, साखर, आणि डबा निखाऱ्यांत. मुक्काम पाच मिनिटांचा असो, आधी आग पेटायची.

इथे माझ्यातली प्रयोगशाळा जागी होते. त्या युद्धात उत्तरेचे सुमारे ३ लाख ६० हजार शिपाई मेले. त्यातले साधारण १ लाख १० हजार लढाईत किंवा लढाईतल्या जखमांनी. उरलेल्यांत फार मोठा वाटा आजाराचा. दोन्ही बाजू मिळून आजवर ६ लाख २० हजार हा आकडा सांगितला जाई, अलीकडे जनगणनेच्या आधारे साडेसात लाखांपर्यंतचा अंदाज दिला गेला आहे. कुठलाही आकडा घ्या, दर तीन मृतांमागे जवळपास दोन आजाराने गेले. हगवण, आमांश, विषमज्वर, गोवर, न्यूमोनिया, हिवताप. हगवण आणि आमांश यांनीच उत्तरेच्या बाजूचे ४० हजारांहून जास्त शिपाई नेले. खेड्यातली पोरं, कधी गर्दीत न राहिलेली, पहिल्यांदा हजार माणसांच्या रेजिमेंटमध्ये एकत्र झोपली आणि पहिल्या हिवाळ्यातच गोवराने पटापट गेली. लढाई बघितलीही नाही.

लष्करी नियमांत शौचासाठी चर खोदावेत, त्यांवर रोज माती टाकावी असं लिहिलेलं होतं. पण किती छावण्यांत ते पाळलं जाई? पोरं रात्री अंधारात लांब जायला तयार नसत, तंबूमागेच बसत. वर पाऊस. खाली ओढा. त्याच ओढ्यात घोडे पाणी पीत, कपडे धुतले जात, त्याच ओढ्यातून बाटल्या भरत. जून १८६१ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशनचे नागरी स्वयंसेवक छावण्या तपासत हिंडले, अधिकाऱ्यांशी भांडले, चर खोदून घेतले. जिथे ऐकलं गेलं तिथे आजार कमी झाले. पण पाण्यातून काय जातं हे तेव्हा कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. विषमज्वराचा जंतू एबर्टने पाहिला तो १८८० मध्ये.

सैन्याने या पोरांना बंदूक भरायच्या नऊ हालचाली शिकवल्या, कोपर न सोडायला शिकवलं, पण पाणी उकळून प्यायला कुणी शिकवलं नाही. आणि ते उकळत होतेच, कॉफीसाठी! दिवसातून तीन-चार वेळा, खळखळ उकळी फुटेपर्यंत. त्या प्रत्येक डब्यात जंतू मरत होते. त्यांनी तहानेला तेच पाणी गार करून प्यायलं असतं तर किती आया आपली लेकरं परत बघू शकल्या असत्या, हा विचार मला छावणीत हमखास येतो. दारूने तोंड कोरडं पडलं की माणूस समोर दिसेल ते पाणी पितो, हे आता मला स्वतःच्या घशाने माहीत झालंय. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

एकदा छावणीत आमच्या शेजारी कृष्णवर्णीय पलटणींची परंपरा चालवणाऱ्या गटाचे तंबू होते. या युद्धात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय शिपाई उत्तरेच्या लष्करात लढले. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला कॉफीला बोलावलं आणि पगाराची गोष्ट सांगितली. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर, यांना १०, त्यातले ३ कपड्यांसाठी कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या रेजिमेंटने तो पगारच नाकारला. फुकट लढू, पण कमी पैशांवर सही करणार नाही, अशी त्यांची भूमिका. जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, समान वेतनाचा कायदा केला. "ते दोन लढाया लढत होते," एवढंच ते म्हणाले आणि माझा पेला पुन्हा भरला. मी त्यांना फुल्यांच्या अर्पणपत्रिकेबद्दल सांगितलं. त्यांनी नाव दोनदा म्हणवून घेतलं, नीट उच्चार जमेपर्यंत.

त्याच रात्री कॉलेजच्या पोरांपैकी एकाने विचारलं की या युद्धाचं तुझ्या गावाला काय कळलं असेल. मी म्हटलं, पुष्कळ. नाकेबंदीने अमेरिकेचा कापूस अडला, मँचेस्टरचे माग थांबायला आले आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर ती सगळी मुंबई. प्रेमचंद रायचंदसारखा माणूस बुडाला. व्हर्जिनियात तोफा थांबल्या म्हणून माझ्या मुलखातल्या शेतकऱ्याचा भाव पडला. पोरगा गप्प बसून ऐकत होता.

खोटी लढाई जेमतेम पाऊण तासाची असते. आधी शस्त्रतपासणी: नळी रिकामी, केप वाजवून बघितलेली, संगिनी म्यानात. मग कोपराला कोपर लावून चढाव. तोफांचा पहिला बार कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. एकत्र बार एकदा, दोनदा, मग सुटे बार. दहाव्या-बाराव्या काडतुसाला नळीत काळी काजळी बसायला लागते, दारू नीट खाली सरकत नाही, केप चढवताना बोटं भाजतात. समोरचे दिसत नाहीत, त्यांच्या बंदुकांच्या ज्वाळांच्या ठिणग्या तेवढ्या दिसतात. कुणी कधी पडायचं हे प्रत्येकाने आपलं ठरवायचं असतं. मी पडले तेव्हा गवतात तोंड खाली होतं आणि आमची ओळ माझ्या अंगावरून पुढे गेली. सुताराचा बूट माझ्या हातापासून बोटभर लांब टेकला. माझी रिकामी जागा शेजारच्याने कोपराने चाचपून भरून काढली, मला तो आवाजही ऐकू आला: लोकरीवर लोकर घासल्याचा. लढाईतलं मला सर्वात खरं वाटलेलं तेवढंच. वेदना नव्हती, मरण नव्हतं, घरून येणारं पत्र नव्हतं. त्याचं आम्ही काही करू शकत नाही आणि करण्याचा दावाही करू नये.

जखमींचं पुढे काय व्हायचं हे बघायला फ्रेडरिकमधलं यादवी युद्धकालीन वैद्यकाचं संग्रहालय आहे. माझी सगळ्यांना विनंती आहे की रणांगणाच्या आधी तिथे जा. दात-ओठ खाऊन, भूल न देता पाय कापल्याची चित्रं आपण बघत आलो, पण बहुतेक शस्त्रक्रिया क्लोरोफॉर्म किंवा ईथर देऊन होत. हात आणि हत्यारं मात्र दोन रुग्णांच्या मध्ये धुतली जात नसत, आणि जखमा सडत त्या त्याने. डॉक्टर लेटरमन यांनी उत्तरेच्या 'पोटोमॅक' नावाच्या फौजेसाठी रुग्णवाहिकांची स्वतंत्र, शिस्तबद्ध व्यवस्था बसवली आणि ती अँटीटमला वापरली गेली. त्या लढाईनंतर माझ्या या गावातली चर्चं आणि शाळा जखमींनी भरून गेल्या होत्या. त्यांतल्या काही इमारतींवरून मी रोज कामाला जाते.

अँटीटमला मिलरचं मक्याचं शेत अजून राखलेलं आहे, तिथे मका पेरतात. मी कोट न घालता, साध्या कपड्यांत तिथे गेले. सकाळच्या काही तासांत ते शेत पुन्हा पुन्हा या हातातून त्या हातात गेलं. टेक्सासच्या पहिल्या रेजिमेंटचे २२६ जण आत शिरले, त्यातले १८६ मेले, जखमी झाले वा हरवले. उत्तरेचे जनरल हूकर यांनी अहवालात लिहिलं आहे की मक्याची ताटं सुरीने कापावीत तशी मुळाशी कापली गेली होती आणि मेलेले शिपाई काही क्षणांपूर्वी जसे रांगेत उभे होते तसेच रांगेत पडले होते. हे वाक्य मी आधीही वाचलं होतं. पण कोपराचा नियम अंगात मुरल्यावर ते वाचलं तेव्हा पाय चालेनात. त्यांनी नियम शेवटपर्यंत पाळला होता.

तिथून उतरून ओढ्यापर्यंत गेले. अँटीटम हे त्या ओढ्याचंच नाव. पात्र लहान आहे, पाणी दिसायला स्वच्छ. सवयीने मी नमुना घेतला आणि कामावर लावून बघितला: अशा शेतीमधून वाहणाऱ्या ओढ्यात असतात तसे, विष्ठेतून पाण्यात येणारे कोलाय जंतू होतेच. सप्टेंबर १८६२ मध्ये हजारो घोडे, हजारो माणसं आणि प्रेतं काठावर असताना काय असेल, याची कल्पना करायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता पुढच्या हंगामासाठी मी छावणीत एक टेबल मांडणार आहे. लोक बंदूक बघायला येतात, मुलं संगिनीला हात लावायला येतात. त्यांना मी नियमाप्रमाणे खोदलेला चर, ओढ्यापासून त्याचं अंतर, कॉफीचा डबा आणि सॅनिटरी कमिशनने काय सांगितलं होतं ते दाखवणार. सुताराने टेबलाचे पाय मोडून ठेवता येतील असे करून दिलेत. सार्जंटने परवानगी दिली, त्याची अट एकच आहे: टेबल दुपारी लावायचं, सकाळची कवायत चुकवायची नाही.